मुंबईत नव्याने राहायला येताय? पहिली ते चौथीच्या मुलासाठी शाळा अशी शोधा

नाशिकहून, कोल्हापुरातून, नागपुराहून किंवा राज्याबाहेरून मुंबईत बदली झाली की घरात पहिला प्रश्न निघतो तो भाड्याचा. ऑफिसपासून किती लांब, डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, हे सगळं ठरतं, करार होतो, टेम्पो येतो, आणि मग शाळेची शोधाशोध सुरू होते. प्राथमिक वर्गातलं मूल असेल तर हा क्रम बदला. आधी दोन-तीन उपनगरं नक्की करा, तिथल्या शाळांत मुलाच्या इयत्तेत जागा आहे का ते विचारा आणि मगच घराचं टोकन द्या. भाड्याचं घर अकरा महिन्यांनी बदलता येतं. लहान मुलाची शाळा दरवर्षी बदलणं त्याच्यावर अन्याय आहे.

सहा ते दहा वर्षांच्या मुलासाठी शाळा निवडताना तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन द्यावं, असं आमचं मत आहे: घरापासूनचा रस्ता, वर्गातल्या बाई किंवा सर, आणि चौथीनंतर पुढे काय. बोर्ड, शाळेचं नाव, इमारत, स्विमिंग पूल हे सगळं त्यानंतर.

पायरी १: आधी कॅलेंडर बघा

राज्य मंडळाच्या शाळा मुंबईत जूनच्या मध्यावर सुरू होतात. सीबीएसईच्या बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आयसीएसईच्या शाळांत दोन्ही पद्धती आढळतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारावं लागतं. तुम्ही मे महिन्यात येणार असाल आणि शाळा सीबीएसईची असेल, तर मुलाचे दीड-दोन महिने आधीच बुडालेले असतील.

नव्याने येणाऱ्या पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की पहिलीला प्रवेश पहिलीत मिळतो. मुंबईतल्या बहुतेक खाजगी शाळांना स्वतःची बालवाडी असते. प्रवेश नर्सरीला किंवा ज्युनिअर केजीला होतो, त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरपासून निघतात आणि पहिलीचे वर्ग सिनिअर केजीतून वर आलेल्या मुलांनीच भरतात. म्हणून सहा वर्षांचं मूल घेऊन तुम्ही फेब्रुवारीत गेलात तर ‘जागा नाही’ असंच उत्तर येईल, आणि ते बहुधा खरंही असतं.

पण जागा नंतर सुटतात. बदल्या होतात, कुटुंबं ठाणे, नवी मुंबई किंवा वसई-विरारला राहायला जातात, आणि मुलांचे दाखले वार्षिक निकालानंतर काढले जातात. त्यामुळे दुसरी, तिसरी, चौथीतल्या रिकाम्या जागा एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कळतात. या काळात शाळेच्या कार्यालयात स्वतः जा. अर्ज लेखी द्या, प्रतीक्षा यादीत कितवा क्रमांक आहे ते विचारा आणि आठवड्याने पुन्हा चौकशी करा. कार्यालयातल्या क्लार्कला तुमचं मूल कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या माध्यमात होतं हे नीट सांगितलेलं असेल, तर जागा सुटल्यावर फोन येण्याची शक्यता खूप वाढते.

वयाचं गणितही इथेच करून घ्या. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. केंद्रीय विद्यालयात मात्र हीच अट ३१ मार्चला लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मलेलं मूल राज्य मंडळाच्या शाळेत जून २०२५ ला पहिलीत बसू शकलं. केंद्रीय विद्यालयात त्याला २०२६ पर्यंत थांबावं लागतं. एका बोर्डातून दुसऱ्यात जाताना मूल वयाने ‘लहान’ ठरून एक इयत्ता मागे बसवलं जातं ते यामुळेच. आधीच विचारलंत तर वर्ष वाचेल.

पायरी २: रस्ता चालून बघा

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. रेल्वेच्या कोणत्या बाजूला घर आणि कोणत्या बाजूला शाळा, हे आधी बघा. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर पूर्व-पश्चिम ओलांडायच्या जागा मोजक्या आहेत, आणि सकाळी सगळं शहर त्याच जागांतून जातं. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि त्याची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. म्हणजे पूर्वेला घर आणि पश्चिमेला शाळा असलेल्या मुलांचं एक अख्खं शैक्षणिक वर्ष वळशाच्या रस्त्यात गेलं. शीवचा (सायनचा) पूलही पाडकामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला. जुन्या पुलांची कामं शहरात चालूच राहणार आहेत. म्हणून शक्यतो घर आणि शाळा रुळांच्या एकाच बाजूला ठेवा.

दुसरा प्रश्न पावसाचा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, शीव, मिलन सबवे, अंधेरी सबवे, मालाड सबवे, कुर्ल्यात मिठी नदीच्या काठचा भाग, इथे जोराच्या पावसात पाणी भरतं. घर ते शाळा या रस्त्यावर यांपैकी काही येतं का ते नकाशावर बघा आणि जवळच्या दुकानदाराला विचारा; गल्लीत पाणी कुठपर्यंत चढतं हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शाळा मध्येच सोडतात. अशा वेळी अर्ध्या तासात शाळेच्या फाटकाशी पोहोचेल असं एक माणूस हवं. आई-बाबा दोघंही नरिमन पॉइंटला किंवा बीकेसीत असतील आणि शाळा बोरिवलीत असेल, तर ते माणूस कोण, हे प्रवेशाआधी ठरवा. सोसायटीतल्या कोणा काकूंचा आधार असेल तर त्यांचं नाव शाळेत ‘मुलाला नेण्यास अधिकृत’ म्हणून लेखी नोंदवावं लागतं. ऐन पावसात फोनवरून सांगून शाळा मूल सोडत नाही, आणि सोडूही नये.

वेळेचा हिशेब असा ठेवा: पायी वीस मिनिटं, बसने किंवा व्हॅनने तीस ते पस्तीस मिनिटं. पहिली-दुसरीच्या मुलाला यापेक्षा जास्त प्रवास रोज झेपत नाही. मूल संध्याकाळी पेंगतं, डबा अर्धा परत येतो, आणि मग अभ्यासात लक्ष नाही म्हणून त्यालाच बोलणी बसतात. बस असेल तर तुमचा थांबा कितवा ते विचारा. पहिल्या थांब्यावर चढणारं मूल शेवटच्या थांब्यावरच्या मुलापेक्षा पाऊण तास जास्त बसमध्ये असू शकतं, शाळेचं अंतर तेवढंच असून. कामाच्या दिवशी, शाळेच्या नेमक्या वेळेला, एकदा सकाळी आणि एकदा सुटायच्या वेळी हा रस्ता स्वतः करून बघा. रविवारी केलेल्या फेरीवरून काही ठरवू नका.

मुंबईत जागेच्या टंचाईमुळे बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत, म्हणजे दोन पाळ्यांत भरतात. प्राथमिक सकाळी की दुपारी, आणि पाचवीला अधिवेशन बदलतं का, हे विचारायला विसरू नका. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं; तरीही जागा कमी असलेल्या काही शाळा सकाळी सातलाच भरतात. दुपारचं अधिवेशन साधारण साडेबाराला सुरू होऊन साडेपाच-सहाला सुटतं. दोघंही नोकरीला जात असाल तर दुपारच्या अधिवेशनात सकाळी मूल कोणाकडे, आणि सकाळच्या अधिवेशनात दुपारी कोणाकडे, हा प्रश्न पाळणाघराच्या जागेशी बांधलेला आहे. पाळणाघर शाळेच्या जवळ घ्यावं, ऑफिसच्या जवळ नव्हे.

स्कूल बससाठी राज्याची २०११ ची नियमावली आहे. बस पिवळी हवी, वेगमर्यादा यंत्र, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक हवं, मुलांना चढवण्या-उतरवण्यासाठी मदतनीस हवी, आणि शाळेत परिवहन समिती हवी. समितीत पालक कोण आहेत ते विचारा आणि त्यांच्याशी बोला. खाजगी व्हॅनवाल्या काकांबरोबर ठरवणार असाल तर गाडीचा शालेय वाहतुकीचा परवाना आणि एकूण किती मुलं बसतात हे स्वतः मोजा.

पायरी ३: माध्यम आणि बोर्ड

इथे आम्ही आमचं मत स्पष्ट सांगतो. घरी मराठी बोलली जात असेल आणि जवळ चांगली मराठी शाळा असेल, तर चौथीपर्यंत मराठी माध्यमच घ्यावं. मूल वाचायला आणि विचार मांडायला जी भाषा वापरतं त्याच भाषेत गणितातली शाब्दिक उदाहरणं आली तर त्याला गणित कळतं. दुसऱ्या भाषेत आली तर आधी वाक्याशीच झटापट करावी लागते. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेचाच आग्रह धरतं. मुंबईत मराठी शाळा संपल्या, असं ऐकून अनेक जण चौकशीच करत नाहीत. शिवाजी पार्कची बालमोहन, विलेपार्ल्याची पार्ले टिळक, शीवची डी. एस. हायस्कूल, अशा शाळांची परंपरा जुनी आहे आणि तिथे प्रवेशासाठी लवकर चौकशी करावी लागते.

इंग्रजीची काळजी असेल तर सेमी इंग्रजीचा पर्याय बघा. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकवतात. मात्र ‘सेमी’ कोणत्या इयत्तेपासून, हे शाळेशाळेत वेगळं असतं. कुठे पहिलीपासून गणित इंग्रजीत, कुठे पाचवीपासून. आणि सेमी कागदावरच आहे की वर्गात बाई खरोखर इंग्रजीतून शिकवतात, हे मुलांच्या वह्या बघितल्याशिवाय कळत नाही.

मूल आधीच तिसरी-चौथीत असेल तर माध्यम बदलू नका. शहर, घर, मित्र आणि भाषा ही चारही एकाच जूनमध्ये बदलली तर हुशार मूलही गप्प होतं. राज्याबाहेरून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. वरच्या इयत्तेत येणाऱ्या मुलाला मराठीची सुरुवात करून देण्यासाठी शाळा काय करते, हे विचारून घ्या.

बोर्डावर प्राथमिकला फार वेळ घालवू नये. दर तीन वर्षांनी राज्याबाहेर बदली होणारी नोकरी असेल तर सीबीएसई सोयीची, कारण पुढच्या शहरात तीच पुस्तकं मिळतात. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल आणि मूल आधीच केंद्रीय विद्यालयात असेल, तर बदलीच्या आदेशावर दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात जाणं सगळ्यात सरळ. मुंबईत कुलाबा, पवई आणि इतरत्र ही विद्यालयं आहेत. मुंबईतच राहणार असाल तर चौथीपर्यंत बोर्डापेक्षा वर्गातल्या बाई महत्त्वाच्या.

महापालिकेच्या शाळांकडे बघायचंच नाही असं ठरवून येणारे पालक एक चांगला पर्याय गमावतात. बृहन्मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत शाळा चालवते. शिक्षण मोफत, पुस्तकं, गणवेश, दप्तर, बूट पालिकेकडून, आणि दुपारचा आहार. मुंबई पब्लिक स्कूल या नावाने पालिकेने सीबीएसईच्या शाळाही काढल्या, त्यातली पहिली जोगेश्वरीच्या पूनम नगरात. माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसई आहे. या शाळांना अर्ज जास्त येतात आणि सोडत काढली जाते, त्यामुळे जाहिरातीवर जानेवारीपासून लक्ष ठेवा. पालिकेच्या शाळांत फरक मात्र फार असतो. एकीचे शिक्षक आणि पट दोन्ही भरलेले, तर चार रस्ते पलीकडची दुसरी रिकामी होत चाललेली. नावावरून नव्हे, त्या एका इमारतीत जाऊनच ठरवा.

पायरी ४: मान्यता खरी आहे का

दरवर्षी पालिका मुंबईतल्या अनधिकृत शाळांची यादी प्रसिद्ध करते आणि दरवर्षी नवे पालक त्यात अडकतात. वस्तीत तीन मजली इमारतीत नवी ‘इंटरनॅशनल’ शाळा निघते, फी परवडते, पाटी चकचकीत असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही चालवल्यास दिवसाला दहा हजार. पण शाळा बंद झाल्यावर मध्यावर नवी जागा शोधायची वेळ येते ती तुमच्या मुलावर.

तपासणी सोपी आहे. शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, विचारा. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं नाव, पत्ता, इयत्ता, शिक्षकसंख्या दिसते. तिथला पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच आहे ना, हे बघा. एका मान्यतेवर दुसऱ्या ठिकाणी वर्ग भरवण्याचे प्रकार होतात. ‘सीबीएसई पॅटर्न’ म्हणजे सीबीएसईची संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि सीबीएसईच्या संकेतस्थळावर शोधा. ‘प्रस्ताव पाठवला आहे, येईल’ असं उत्तर आलं तर प्रवेश घेऊ नका.

शाळा अनुदानित आहे, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, हेही इथेच विचारा. फी, पोषण आहार आणि शिक्षकांच्या नेमणुका या सगळ्याचा त्याच्याशी संबंध आहे. अनुदानित शाळेत शिक्षक वर्षानुवर्षं टिकतात, हा तिचा मोठा गुण. विनाअनुदानित शाळेत गेल्या दोन वर्षांत पहिली-दुसरीचे किती शिक्षक सोडून गेले हा प्रश्न थेट विचारावा.

पायरी ५: शाळेत जाऊन काय बघायचं

मुख्याध्यापकांची वेळ घ्या, पण त्याच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहा. मुलं रांगेत एकेक करून सोपवली जातात की लोंढा रस्त्यावर येतो? पालक नसलेलं मूल कोणाजवळ थांबतं? बाहेरच्या पालकांना फक्त दोन गोष्टी विचारा: तक्रार केली तर शाळा ऐकते का, आणि मुलाला शिकवणी लावावी लागली का. दुसरीतल्या निम्म्या मुलांना शिकवणी असेल तर वर्गात काही तरी कमी पडतंय.

आत गेल्यावर पट विचारा. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. मुंबईतल्या नावाजलेल्या खाजगी शाळांत एका तुकडीत पंचेचाळीस-पन्नास मुलं सर्रास असतात. शाळा एकूण शिक्षकांची संख्या सांगून प्रमाण बरोबर दाखवते, म्हणून प्रश्न असा विचारा: ‘दुसरी अ मध्ये आज हजेरीपटावर किती नावं आहेत?’

मग दुसरीच्या किंवा तिसरीच्या वर्गातल्या तीन-चार वह्या बघायला मागा. यातून जेवढं कळतं तेवढं माहितीपुस्तिकेतून कधीच कळत नाही. सगळ्या वह्यांत एकच उत्तर शब्दशः असेल तर फळ्यावरून उतरवून घेणं चाललंय. चूक असलेल्या जागी बाईंनी नुसती फुली मारली आहे, की बरोबर कसं ते लिहून मुलाकडून पुन्हा करून घेतलं आहे? तारखा बघा, पंधरा-पंधरा दिवस वही तपासलेली नसेल तर पट जास्त आहे किंवा शिक्षक कमी आहेत. मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक तरी पान सापडलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, तर ती शाळा चांगली असण्याची शक्यता मोठी. शाळेने वह्या दाखवायला नकार दिला तर निदान वर्गाबाहेरच्या फलकावर लावलेली मुलांची कामं वाचा.

स्वच्छतागृह बघितल्याशिवाय निघू नका. मुलींचं वेगळं आहे का, कडी लागते का, पाणी येतं का, आणि ते लहान मुलांच्या मजल्यावर आहे का. लहान मुलं घाण स्वच्छतागृहात जात नाहीत, दिवसभर पाणी पिणं टाळतात आणि मग आजारी पडतात. पहिली-दुसरीचे वर्ग चौथ्या मजल्यावर असतील तर दप्तराचं वजन विचारा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा ते जास्त असू नये. वीस किलोच्या मुलाला दोन किलो.

मैदान मुंबईत फार थोड्या शाळांना आहे. नसेल तर आठवड्यात किती तास आणि कुठे खेळवतात ते विचारा. गच्ची असेल तर कठड्याची उंची बघा.

सुरक्षेसाठी सीसीटीव्ही आहे एवढं ऐकून थांबू नका. तक्रारपेटी कोण उघडतं, सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) कोण आहेत, लहान मुलांना स्वच्छतागृहात नेणाऱ्या मावशी आहेत का, बाहेरच्या कामगारांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे विचारा. या प्रश्नांवर मुख्याध्यापक चिडले तर तेही उत्तरच आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ भिंतीवर दिसला पाहिजे.

सगळ्यात शेवटी: चौथीनंतर काय? शाळा सातवीपर्यंतच असेल तर आठवीला पुन्हा प्रवेशाची धावपळ. माध्यमिक त्याच संस्थेचं असेल तर प्राथमिकच्या मुलांना तिथे आपोआप प्रवेश मिळतो का, हे लेखी नियमात आहे की ‘सहसा मिळतो’ एवढंच, ते बघा.

पायरी ६: फी

‘महिन्याला किती’ हा अपुरा प्रश्न आहे. संपूर्ण वर्षाचा खर्च एका कागदावर मागा: शिकवणी शुल्क, सत्र शुल्क, संगणक, उपक्रम, सहल, पुस्तकं, गणवेश, बस, अनामत. बसचे पैसे मे महिन्याचेही घेतात का तेही विचारा. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीने शुल्क मंजूर करावं लागतं आणि ते दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहतं. मंजूर शुल्काचा तक्ता फलकावर लावलेला असावा. नसेल तर मागा. देणगी मागणं बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणंही बेकायदा, त्यालाही पहिल्या खेपेला पंचवीस हजारांपर्यंत दंड. ठरावीक दुकानातूनच वह्या-गणवेश घ्या, अशी सक्ती करता येत नाही. पावती मिळत नसेल अशी कोणतीही रक्कम देऊ नका.

पायरी ७: कागदपत्रं, आणि जनरल रजिस्टर

जुन्या शाळेतून निघण्यापूर्वी शाळा सोडल्याचा दाखला, शेवटचं प्रगतिपुस्तक, मुलाचा सरल क्रमांक (राज्याच्या ऑनलाइन नोंदीतला विद्यार्थी क्रमांक) आणि यू-डायसमधला कायम शिक्षण क्रमांक घ्या. दाखला हातात असला तरी जुन्या शाळेने ऑनलाइन प्रणालीत मुलाला मोकळं केल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्या पटावर घेऊ शकत नाही. हे काम मेच्या सुटीत जुन्या शाळेत कोणी भेटत नाही म्हणून रखडतं. एप्रिलमध्येच संबंधित शिक्षकांचा फोन नंबर घेऊन ठेवा. राज्याबाहेरचा दाखला असेल तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी तिथे असतानाच घ्या. त्यासाठी पुन्हा रेल्वेचं तिकीट काढायची वेळ येऊ नये.

नव्या शाळेला लागतात: जन्मदाखला, आधार, दाखला, फोटो, लसीकरणाची नोंद, जातीचा दाखला असल्यास तो, आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरार करावा. नुसत्या स्टँपपेपरवरचा करार पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

प्रवेश अर्ज घाईत भरू नका. त्यावरून शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या कायम नोंदवहीत, नोंद होते, आणि मुलाच्या पुढच्या सगळ्या दाखल्यांवर तीच उतरते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव-तालुका-जिल्हा, धर्म, जात-पोटजात, मातृभाषा, हे सगळं जन्मदाखल्याशी आणि आधीच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. ‘दीपक’ आणि ‘दिपक’ यांतला फरक दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जातो. जातीच्या रकान्यात आडनावाच्या अंदाजाने किंवा नुसतं ‘हिंदू’ लिहिलं गेलं तर पुढे जात पडताळणीच्या वेळी त्रास होतो. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती पुरावे देऊन आणि शिक्षण खात्याच्या परवानगीने करता येते. शाळा सोडल्यावर ती फार कठीण. म्हणून प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात क्लार्कला रजिस्टरमधली नोंद दाखवायला सांगा आणि बोनाफाईड (मूल त्या शाळेत शिकत असल्याचा दाखला) मागून घेऊन ती पडताळा.

पायरी ८: पंचवीस टक्क्यांच्या जागा

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर वंचित गटांना जातीचा किंवा संबंधित दाखला लागतो. हा प्रवेश नर्सरी किंवा पहिलीलाच मिळतो. तिसरीत येणाऱ्या मुलाला नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यात येत नाहीत. जवळ सरकारी शाळा असल्यास खाजगी शाळेला सूट देणारा राज्याचा २०२४ चा बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळे जुन्या बातम्या वाचून अर्ज भरायचा सोडू नका.

अर्ज ऑनलाइन, दहापर्यंत शाळा निवडता येतात, सोडत निघते, आणि एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी. चूक होते ती नकाशावर घराची खूण लावताना. खूण शाळेजवळ सरकवून लावली तर पडताळणीत प्रवेश रद्द होतो. अजाणता चुकली तरी तेच. भाडेकरार अर्जाच्या तारखेआधी नोंदलेला आणि किमान अकरा महिन्यांचा हवा. म्हणजे मार्चमध्ये मुंबईत येऊन फेब्रुवारीत संपलेल्या अर्जासाठी काही करता येत नाही. बदली नक्की होताच घराचा करार करून टाका.

पायरी ९: नकार मिळाला तर

दाखला यायला उशीर झाला म्हणून पालिकेची किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम तेच सांगतं. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मुलाला अपंगत्व असेल किंवा शिकण्यात अडचण असेल आणि शाळा ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणत असेल, तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर बहुतेक वेळा सूर बदलतो. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची सोय शीव, नायर आणि केईएम या पालिका रुग्णालयांत आहे. तिथे तारीख लांबची मिळते, म्हणून शंका आली की लगेच नाव नोंदवा.

मुंबईत प्राथमिक शाळांचा कारभार पालिकेच्या शिक्षण विभागाकडे आहे. आधी मुख्याध्यापकांना अर्ज, मग आपल्या वॉर्डातल्या शिक्षण विभागाच्या कार्यालयात, त्यानंतर पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, असा क्रम ठेवा. वॉर्ड कोणता ते घराच्या नव्हे, शाळेच्या पत्त्यावरून ठरतं: दादर-माहीम जी-उत्तर, विलेपार्ले पूर्व आणि अंधेरी पूर्व के-पूर्व, घाटकोपर एन, मुलुंड टी. अर्जात तारीखवार लिहा: कोणत्या दिवशी गेलात, कोणाला भेटलात, काय उत्तर मिळालं. राग, आरोप, लांबण नको. एक पान पुरे. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पुढच्या प्रत्येक टेबलावर आधी तोच क्रमांक विचारतात.